पीआरआय लाइन बंद पडली? आधी अलार्मचा रंग पाहा

हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्याची पीआरआय (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल फोन लाइन) बंद पडली की आपण लाइन देणाऱ्या कंपनीला कळवतो. ‘आमच्याकडून सगळं ठीक आहे’ असं उत्तर येतं आणि अर्धा दिवस वादात जातो. दोष कोणाच्या बाजूला आहे हे अलार्म सांगतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

१. रंग वाचा. अ‍ॅस्टरिस्क (फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर लाइनचे अलार्म दाखवणारं ‘डाहडी टूल’ उघडा. लाल म्हणजे समोरचा सिग्नल आपल्या कार्डाला (सर्व्हरमध्ये लाइन जिथे लागते ते) मिळत नाही किंवा त्याची फ्रेम (डेटाचा ठरावीक आकाराचा गट) जुळत नाही. निळा म्हणजे मधलं उपकरण चालू आहे, पण त्यालाच पलीकडून काही येत नाही. इथे तक्रार थेट कंपनीकडे. सगळ्यांचा गोंधळ होतो तो पिवळ्यावर. पिवळा असताना आपल्याला सिग्नल नीट येत असतो, समोरच्याला आपला पोचत नसतो. म्हणजे येणारी तारांची जोडी तपासत बसू नका, जाणारी तपासा.

२. लूप लावा, म्हणजे जाणारा सिग्नल येणाऱ्या बाजूला परत वळवा. आरजे-४५ प्लगमध्ये पिन १ ला ४ आणि २ ला ५ जोडा. प्लग कार्डात घातल्यावर लाल अलार्म गेला तर कार्ड चांगलं आहे. मग केबलच्या दुसऱ्या टोकाला हीच चाचणी करा. लूपवर कॉल लागणार नाहीत, फक्त अलार्म पाहा.

३. अलार्म नाही, तरी फॅक्स अडकतो? बहुतेकदा दोन्ही टोकांच्या उपकरणांचं घड्याळ जुळत नसतं. ई-वन लाइनवर (पीआरआय हिच्यावरच चालते) सेकंदाला ८००० फ्रेम धावतात. दोन्हीकडचा वेग किंचित वेगळा असला की अधूनमधून एखादी फ्रेम गळते किंवा दोनदा येते. बोलताना ते जाणवत नाही, फॅक्स मात्र तुटतो. डाहडीच्या सेटिंगमध्ये स्पॅनच्या (म्हणजे त्या लाइनच्या) ओळीत टायमिंगचा आकडा ० असेल तर १ करा, म्हणजे कार्ड कंपनीचं घड्याळ घेईल. सीआरसी-४ (फ्रेममधल्या चुका पकडणारी तपासणी) दोन्हीकडे सारखं आहे ना, तेही विचारून घ्या.

४. नोंद ठेवा. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याचाच. दर मिनिटाला अलार्मची स्थिती आणि चुकांचे काउंटर वेळेसह फाइलमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) टाका. दोन तपासण्यांच्या मधे येऊन गेलेला अलार्म दिसणार नाही, पण वाढलेला काउंटर दिसेल. मोबाइलवर संदेश मात्र सलग दोन वेळा बिघाड दिसला तरच पाठवा, नाहीतर आठवड्यात कोणी ते संदेश वाचणार नाही. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) ठेवा.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात मे महिन्यात लाइन रोज पडायची. फाइल पाहिली तर प्रत्येक नोंद दुपारी दोन ते तीनमधली. जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीचा एसी बंद व्हायचा आणि लाइनचा मोडेम तापायचा. केबल बदलायचं ठरलंच होतं, ते वाचलं.

५. तक्रार करताना चार गोष्टी सांगा: अलार्मचा रंग, सुरू झाल्याची वेळ, काउंटर किती वाढला आणि लूप कुठपर्यंत चांगला आला.