छोट्या ट्रेलरमधला ओटा: इंदूरहून दोन दिवसांसाठी निघताना भांडी, गॅस आणि जेवणाची तयारी

गाडीला जोडायच्या छोट्या ट्रेलरमध्ये झोपायची सोय झाली की स्वयंपाकासाठी उरतो तो दीड-दोन फुटांचा ओटा आणि त्याखालचे एक-दोन खण. बऱ्याच ट्रेलरांत हा ओटा मागच्या बाजूला असतो. मागचं झाकण वर उचललं की तेच छप्पर होतं. एवढ्या जागेत तीन माणसांचं दोन दिवसांचं जेवण अगदी व्यवस्थित होतं, फक्त सुरुवात खरेदीपासून करू नये. आधी काय जेवायचं ते कागदावर लिहा. भांडी त्या कागदावरून ठरतात.

समजा, शनिवारी सकाळी इंदूरहून नर्मदाकाठच्या महेश्वरला निघालात आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं आहे. शनिवारी दुपारी घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. रात्री मुगाची खिचडी, पापड, लोणचं. रविवारी सकाळी पोहे आणि चहा. दुपारी पिठलं-भात. एवढ्याला तीन लिटरचा कुकर, दोन पातेली आणि एक छोटी कढई पुरते. दाल-बाफले (डाळ आणि कणकेचे गोळे) मात्र ट्रेलरात करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बाफले आधी उकळायचे, मग शेकायचे, मग तुपात बुडवायचे आणि शेवटी ती तुपकट भांडी मोजक्या पाण्यात घासायची. त्यापेक्षा ते वाटेत ढाब्यावर खावेत.

घरीच एकदा मांडून बघा

ट्रेलरच्या ओट्याची आणि खणांची लांबी-रुंदी मोजा आणि घरात फरशीवर खडूने तेवढाच चौकोन आखा. जे न्यायचं आहे ते सगळं त्यात ठेवा आणि तिथेच बसून एक पूर्ण जेवण करा. चौकोनाबाहेर हात टाकायचा नाही, घरातला नळ वापरायचा नाही. पंधरा मिनिटांत कळतं की कापायला जागा नाही, गरम कुकर कुठे टेकवायचा ते ठरलेलं नाही आणि उलथनं घरीच राहणार होतं. दुकानात उभं राहून यातलं काहीच लक्षात येत नाही.

भांडी आपल्या फडताळातलीच घ्या

कॅम्पिंगच्या दुकानात 'एकात एक बसणारा, सुटी मूठ असलेला संच' मिळतो आणि तो महाग असतो. आपली बिनकाठाची स्टीलची पातेली हेच काम पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. ती एकात एक बसतात, त्यांना दांडा नसतो आणि सांडशी हीच त्यांची सुटी मूठ. सांडशीच्या खिळ्यात ढिलेपणा आहे का ते मात्र निघण्याआधी तपासा. चुलीवरून उकळतं पातेलं उतरवताना सगळा भार त्या खिळ्यावर असतो.

कुकरच्या पोटात त्याचे दोन डबे, डब्यांत वाट्या-चमचे, आणि त्यांच्या मधे दोन कापडी पुसणी, म्हणजे घाटात खडखडाट होत नाही. परातीऐवजी एक खोल स्टीलचं ताट घ्या. त्यात पीठ मळता येतं, भाजी निवडता येते आणि शेवटी भांडी घासायलाही तेच. पोळपाट पालथा घातला की कापायची फळी झाली. घडीची सिलिकॉनची पातेली मला पटत नाहीत. त्यांत हिंग-तेलाचा वास बसून राहतो आणि फोडणीला तर ती चालतच नाहीत. सिलिकॉनचं घडीचं गाळणं किंवा पाण्याची बादली असेल तर जरूर घ्या.

कोरड्या सामानाला गोल बरण्यांपेक्षा चौकोनी डबे बरे. चौकोनी जागेत गोल डबा ठेवला की चार कोपऱ्यांत मिळून एकवीस टक्क्यांच्या आसपास जागा वाया जाते. मिसळणाचा डबा न्यायचाच असेल तर वाट्यांवर जाड प्लॅस्टिकचा गोल कापून दाबून बसवा आणि मग झाकण लावा. नाहीतर मानपूरचा घाट उतरेपर्यंत हळद, तिखट, मोहरी एक झालेली असतात.

गॅस: इथे घाई नको

विजेवर स्वयंपाक करण्याचा विचार बहुतेकांच्या मनात येतो, म्हणून आधी त्याचा हिशेब. 1500 वॉटची इंडक्शन शेगडी अर्धा तास चालली तर 750 वॉट-तास वीज लागते. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 1200 वॉट-तास असतात, आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे वापरायला 600. अर्धा तास पुरा होण्याआधीच बॅटरी संपली. जिथे विजेची जोडणी मिळणार आहे तिथेच इंडक्शन न्यावी.

उरले दोन पर्याय. एक, ब्यूटेनच्या कॅनवर चालणारी एका बर्नरची सपाट शेगडी. सव्वादोनशे ग्रॅमचा कॅन पूर्ण आचेवर साधारण दीड तास चालतो, म्हणून दोन दिवसांना दोन कॅन आणि एक जास्तीचा. दुसरा, पाच किलोचा छोटा सिलिंडर. इंडियन ऑइलचा 'छोटू' हा त्यातलाच. लांबच्या प्रवासाला तो स्वस्त पडतो, पण जड असतो आणि उभाच बांधून न्यावा लागतो. दोन दिवसांसाठी मी कॅनची शेगडी सुचवेन.

आता काळजीच्या गोष्टी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली तळाशी साचतो. म्हणून सिलिंडर बंद खणात ठेवू नये, खणाच्या तळाला हवा जाण्याची भोकं हवीत. प्रत्येक जोडणीवर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर शेगडी पेटवूच नका. कॅनच्या शेगडीवर तिच्या अंगापेक्षा मोठा तवा किंवा रुंद पातेलं ठेवू नका. त्याची धग बाजूच्या कॅनवर परतते आणि कॅन तापून फुटू शकतो. कॅनवर 50 अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि माळव्यातल्या मे महिन्याच्या उन्हात उभी केलेली बंद गाडी ही मर्यादा सहज ओलांडते. कॅन सावलीत, हवेशीर जागी ठेवा.

आणि दारं-खिडक्या लावून ट्रेलरच्या आत शेगडी कधीही पेटवू नये, थंडीत ऊब म्हणून तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही. पाऊस आला तर दशम्या खाऊन झोपा.

अर्धा स्वयंपाक घरून

जागा सगळ्यात जास्त वाचते ती इथे. खिचडीचे सव्वा वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मूगडाळ घरीच धुऊन, कापडावर पसरून अगदी कोरडे वाळवा. त्यात मीठ, हळद, गोडा मसाला घालून पिशवी बंद करा आणि वर लिहा: 'साडेसहा वाट्या पाणी, तीन शिट्ट्या'. तिथे काहीही मोजायचं किंवा धुवायचं राहत नाही. डाळ-तांदूळ फुगून वर येतात, म्हणून पाण्यासकट कुकर निम्म्याच्या वर भरू नये.

फोडणीही बाटलीत नेता येते. तेलात मोहरी, जिरं, हिंग आणि कढीलिंब घालून कढीलिंब कुरकुरीत होईपर्यंत परता, पूर्ण गार करा आणि कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. लसूण मात्र या बाटलीत घालू नये. तेलात बुडालेला लसूण बाहेरच्या उष्णतेत राहिला तर त्यात घातक जंतू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळत नाही. पिठल्याला लसूण हवा तर सोललेल्या पाकळ्या वेगळ्या न्या आणि तिथेच ठेचा. बेसन घरून भाजून नेलं तर पिठलं दहा मिनिटांत होतं.

पोहे इंदूरच्या पद्धतीनेच करावेत, कारण ट्रेलरच्या एकाच शेगडीला ती पद्धत फार सोयीची आहे. आपल्याकडे गाड्यांवर पोहे वाफेवर ठेवतात, म्हणून ते तासभर मऊ राहतात. पाव किलो जाडे पोहे चाळणीत घेऊन वरून दोन वाट्या पाणी ओता, खाली खोल ताट ठेवा. ते पाणी नंतर भांड्यांच्या पहिल्या विसळण्याला येतं. कढईत बाटलीतली फोडणी, हिरवी मिरची, बडीशेप, हळद, मग पोहे, मीठ, साखर. दोन मिनिटं हलवलं की कढई उतरवा आणि शेगडीवर पाण्याचं पातेलं चढवा. पाणी उकळलं की झाकलेली कढई त्या पातेल्यावर बसवा. गोल बुडाची असल्याने ती तोंडात घट्ट बसते. सात-आठ मिनिटांत पोहे वाफेवर फुलतात आणि खालच्या उकळत्या पाण्यात चहा होतो. वरून शेव, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि लिंबू. जीरावनाची पुडी विसरू नका. महेश्वरच्या घाटावर तिच्यावाचून ते पोहे इंदूरकराच्या घशाखाली उतरत नाहीत.

दुधाला टेट्रापॅक घ्या, फोडेपर्यंत फ्रिज लागत नाही. बर्फाच्या पेटीत सुटा बर्फ टाकण्याऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. वितळल्यावर तेच पिण्याचं पाणी.

पाणी, भांडी आणि कचरा

तोटीचा वीस लिटरचा कॅन तिघांना दोन दिवस पिण्या-शिजवण्यापुरता होतो. उन्हाळ्यात आणखी दहा लिटर न्या. लिटरला एक किलो, म्हणजे हे ट्रेलरमधलं सगळ्यात जड सामान. ते तळाशी, चाकांच्या आसावर किंवा किंचित पुढे बांधा. शेपटाकडे वजन गेलं की उतारावर ट्रेलर डोलायला लागतो.

भांडी आधी कागदाने निपटून घ्या, मग स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी मारून घासा आणि शेवटी विसळा. एका जेवणाची भांडी दीड-दोन लिटरमध्ये निघतात. हे पाणी नर्मदेत सोडू नये, भांडीही घाटावर घासू नयेत. नदीच्या पात्रापासून दूर, कोरड्या मातीत ओता. ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या दोन पिशव्या घरासारख्याच वेगळ्या ठेवा आणि परत आणा. 2017 पासून अनेक वर्षं देशात स्वच्छतेत पहिल्या नंबरावर राहिलेल्या इंदूरच्या लोकांनी दुसऱ्याच्या गावात कचरा टाकून येणं शोभत नाही.

घरी परतल्यावर त्याच दिवशी कुकरची रिंग काढून धुवा, पाण्याचा कॅन झाकण उघडं ठेवून पालथा घाला आणि शेगडीतला गॅसचा कॅन काढून वेगळा ठेवा. जे सामान एकदाही हातात न घेता परत आलं त्यावर यादीत काट मारा आणि ती यादी कुकरच्या डब्यातच ठेवा.