सव्हानातल्या (तुरळक झाडांच्या गवताळ प्रदेशातल्या) उंदरांची विविधता अभ्यासताय? या चुका टाळा

सापळे भरले म्हणजे विविधता भरपूर, असं समजू नका. पकडलेले चाळीस उंदीर एकाच जातीचे असतील, तर ती फक्त संख्या झाली. आफ्रिकेतला मास्टोमिस उंदीर चांगल्या पावसानंतर झपाट्याने वाढतो, एका विणीत दहा-दहा पिल्लं देतो. त्या महिन्यांत सापळे त्यानेच भरतात आणि तुरळक जाती नजरेआड होतात. म्हणून एका हंगामाच्या नोंदींवर काहीच ठरवू नये. शिवाय मास्टोमिस नॅटालेन्सिस आणि मास्टोमिस कुचा दिसायला इतके सारखे आहेत की गुणसूत्रं मोजल्याशिवाय (पहिल्यात 32, दुसऱ्यात 36) किंवा जनुकं तपासल्याशिवाय उलगडा होत नाही. कानाचा बारीकसा तुकडा जनुकीय तपासणीसाठी जपून ठेवा.

पत्र्याचे पेटी-सापळे उंदरांसाठी ठीक, पण किडे खाणाऱ्या हलक्या चिचुंद्र्या त्यांत कमी येतात. त्यांच्यासाठी जमिनीत बादल्या पुरून त्या बादल्यांकडे नेणारी बुटकी आडभिंत उभारावी लागते. चिचुंद्रीला थोड्या थोड्या वेळाने खावं लागतं, पत्राही उन्हाने लगेच तापतो. सकाळी उशिरा फेरी मारलीत तर हकनाक जीव जातील. हे अजिबात चालवून घेऊ नका.

सगळ्यात मोठी चूक कारणं शोधताना होते. केनियात लायकिपिया भागातल्या म्पाला इथे 1995 पासून कुंपणं घालून मोठ्या चरणाऱ्या प्राण्यांना जमिनीच्या काही तुकड्यांबाहेर ठेवलं आहे. त्यांना बाहेर ठेवल्यावर तिथल्या सॅकोस्टोमस उंदरांची संख्या जवळपास दुप्पट झाली आणि उंदीर खाणारे सापही वाढले. यावरून 'चराई वाईट' असं म्हणणं घाईचं ठरेल. एका जातीला चारा आणि आडोसा मिळाला, एवढंच त्यातून कळतं. पट्टेरी गवती उंदराला दाट गवत लागतं, जर्बिल या बिळात राहणाऱ्या उंदराला मोकळी भुसभुशीत जमीन, काटेरी उंदरांतल्या कित्येकांना खडकांच्या कपारी. चरलेलं, न चरलेलं, खडकाळ, वारुळांचं असं सगळं जवळजवळ असेल तर जाती वाढतात. ब्राझीलच्या सेराडो या सव्हानातही ओढ्याकाठच्या झाडीतले प्राणी शेजारच्या गवताळ माळावरच्यांपेक्षा बरेच वेगळे असतात. फक्त माळावर सापळे लावले तर अर्धं चित्र हातातून निसटतं.

वणव्याबद्दलही असंच. आगीत उंदीर मरतात म्हणून जाती घटतात, हा समज अपुरा आहे. बिळांत शिरून बरेच जण वाचतात, खरा घात पुढे होतो. गवत जळून गेलेलं, लपायला जागा नाही आणि शिकारी टपलेले. ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागात रानटी झालेली मांजरं आपला टापू सोडून दहा किलोमीटरपलीकडच्या, जोरदार आग लागून गेलेल्या जागी शिकारीला जाताना दिसली आहेत. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानातही लहान सस्तन प्राणी झपाट्याने घटले. वणवे, मांजरं आणि चराईने विरळ झालेलं गवत यांचे स्वतंत्र रकाने करून प्रत्येकाचा वेगळा हिशेब मांडला, तर उत्तर चुकणारच, कारण वणवा आणि चराई आडोसा घालवतात आणि त्यामुळेच मांजरांना शिकार सोपी होते.

त्यामुळे प्रत्येक सापळ्याजवळ गवताची उंची, मोकळ्या जमिनीचं प्रमाण आणि शेवटचा वणवा कधी, केवढ्या पट्ट्यात लागला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढच्या पावसानंतर ते आठवून लिहिता येत नाही.