गावातल्या सगळ्या वाड्यांना घेऊन एक छोटा धंदा कसा उभा करायचा

आमच्या कोकणातल्या गावात सात वाड्या आहेत. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर सातही नावं आहेत, पण काही नवीन करायचं निघालं की मिटिंगला माणसं दिसतात ती तीनच वाड्यांची. कोळीवाड्यातलं कोणी नसतं, बौद्धवाडीतले एक-दोघं मागे उभे असतात, मोहल्ल्यात निरोपच जात नाही आणि वर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावरच्या, धनगरवाडीला तर मिटिंग झाली हे आठ दिवसांनी कळतं. मग आपणच म्हणतो, गावात एकी नाही. मी गेली सहा वर्षं ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघात, काम करतेय, आम्ही बायकांनी मिळून रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, धंदा उभा केलाय, त्यात काय चुकलं आणि काय जमलं ते क्रमाने लिहिते. तुमच्याकडे रातांबे नसतील, काजू असेल, सुकी मच्छी असेल, घरगुती राहण्या-जेवणाची सोय असेल, तरी पद्धत हीच लागू पडते.

आधी फिरा, मिटिंग नंतर

निदान पंधरा दिवस नुसतं फिरायचं. प्रत्येक वाडीत आणि त्या वाडीच्या वेळेला. कोळीवाड्यात सकाळी होड्या लागायच्या वेळी गेलात तर कोणाला मान वर करायला फुरसत नसते, दुपारी जेवणं झाल्यावर जा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तिथे निवांत बोलता येतं, पण तेव्हाच घरात पैशाची सगळ्यात ओढाताण असते हेही लक्षात असू द्या. मोहल्ल्यात शुक्रवारची दुपार टाळा. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर कोळशाच्या नाहीतर वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, त्यामुळे जानेवारीत सर्व्हे केलात तर ही माणसं तुमच्या कागदावर येतच नाहीत. आमच्या पहिल्या यादीत ती नव्हती. आम्ही मुद्दाम गाळली नव्हती, दार बंद दिसलं आणि आम्ही पुढे गेलो.

फिरताना वहीत तीनच गोष्टी लिहा: घरात कमावतं कोण, घरातलं काय विकलं जातं आणि या घरातली बाई गावच्या मिटिंगला शेवटची कधी आली होती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना वाईट वाटतं, तरी विचारा. एकट्या राहणाऱ्या बायका, दिव्यांग माणसं, ज्यांची सगळी मुलं मुंबईला आहेत असे म्हातारे, यांची नावं वेगळ्या पानावर घ्या, कारण पुढे हीच नावं पहिली सुटतात.

मिटिंग कुठे घेता ते नीट ठरवा

ही पायरी मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आमची इथेच चूक झाली. पहिली मिटिंग आम्ही देवळाच्या सभामंडपात घेतली, संध्याकाळी चार वाजता. जागा मोठी, पंखे आहेत, आम्हाला वाटलं याहून चांगलं काय. मोहल्ल्यातून कोणी आलं नाही. कोळणी बाजारात होत्या. बौद्धवाडीतल्या चार बायका आल्या आणि पायरीखाली चपला न काढता उभ्या राहिल्या, म्हणजे बसायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी दोनदा म्हटलं आत या ना वहिनी, त्या म्हणाल्या बरंय इथं, ऐकू येतंय. कोणी त्यांना अडवलं नव्हतं, पण बसा म्हणून हाताला धरून कोणी नेलंही नव्हतं, आणि आजवरचा अनुभव त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

दुसरी मिटिंग शाळेच्या पटांगणात घेतली, रात्री आठला, जेवणं उरकल्यावर. सतरंजी एकच, खुर्ची कोणालाच नाही, सरपंचबाईंनाही नाही. चहा बौद्धवाडीतल्या एका काकींच्या घरून आला. हे आम्ही आधी ठरवून केलं होतं आणि कोण पितं, कोण "मला नको, रात्री झोप येत नाही" म्हणतं ते सगळ्यांना दिसत होतं. पहिल्या दिवशी सहा-सात जणींनी नको म्हटलं. आम्ही कोणाला काही बोललो नाही, पण चहाची पाळी वाडीवार लावून टाकली आणि ती मोडली नाही. चौथ्या-पाचव्या मिटिंगला एकच आजी राहिल्या होत्या न पिणाऱ्या, त्या खरंच रात्री चहा घेत नाहीत. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तो चांगलाच झाला, पण बोर्डावरचं नाव बदलून सतरंजीवरची जागा बदलत नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं आणि ते चहाच्या कपापासून सुरू होतं.

गावातून पैसा कुठून बाहेर जातो ते मांडून बघा

अंगणात रांगोळीने गाव काढा. खाडी, रस्ता, सडा, वाड्या, विहिरी, देऊळ, मशीद, शाळा सगळं. मग प्रत्येकीच्या हातात दहा चिंचोके द्या आणि सांगा, गावातला माल जिथे कवडीमोलाने जातो असं वाटतं तिथे ठेव. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा इथे बरोबरीने बोलते, हाच याचा खरा फायदा. आमचे सगळ्यात जास्त चिंचोके रातांब्याच्या झाडांखाली पडले. मे महिन्यात फळ खाली पडून कुजतं, पाऊस जवळ आला की वाळवायची घाई होते, व्यापाऱ्याला ती घाई माहीत असते, तो म्हणेल त्या भावाने सोलं, म्हणजे वाळवलेली सालं, द्यावी लागतात, आणि गणपतीत आलेला आपलाच पोरगा मुंबईहून कोकम सरबताची बाटली विकत आणतो.

मालाची निवड करताना तीन गोष्टी बघा. तो करायला नवीन काही शिकावं लागतं का, बिनजमिनीच्या घरालाही त्यात काम मिळतं का, आणि पहिल्या वर्षी माल खपला नाही तर कोणाचं घर बुडेल का. दुसऱ्या प्रश्नावर आमच्याकडे आंबा बाद झाला, कारण कलमं ज्यांची त्यांचाच तो धंदा. रातांबे सड्यावर, बांधावर, सगळीकडे असतात आणि गोळा करणं, फोडणं, वाळवणं यात हात भरपूर लागतात.

बाहेरची उदाहरणं जाऊन बघा, त्याने धीर येतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात आणि गावातल्या घरांतच राहतात-जेवतात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन ते संवर्धनाचं काम सुरू केलं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. दोन्हीकडे गावात होतं त्यातूनच काम उभं राहिलंय.

गट बांधा, पण रक्कम सगळ्यात गरीब बाईला विचारून

सरकारच्या उमेद या ग्रामीण उपजीविका अभियानातला बचत गट 10 ते 20 बायकांचा असतो, दिव्यांगांचा गट असेल तर 5 जणांचाही चालतो. गावात आधीचे गट असतील तर नवीन काढू नका, त्यांचा ग्रामसंघ असतो, तिथून सुरुवात करा. बचतीची रक्कम ठरवताना मोठ्या आवाजात बोलणारीला विचारू नका. जिची मजुरी सगळ्यात बेभरवशाची आहे ती बारा महिने न चुकता जेवढं भरू शकेल तेवढीच रक्कम सगळ्यांची. आम्ही शंभर धरले होते, तीन महिन्यांत पाच जणी गळल्या, मग पन्नास केले आणि त्या पाच जणींच्या घरी जाऊन त्यांना परत आणलं. बँकेत सह्या करणाऱ्या दोघी वेगवेगळ्या वाडीतल्या घ्या आणि अध्यक्षपद एकाच घरात राहू देऊ नका.

कागदपत्रांचं म्हणाल, तर माल खाण्याचा पदार्थ असेल तेव्हा एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन लागतं, छोट्या धंद्याला फी अगदी कमी असते. 2020 ला सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आहे, त्यात 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान आहे, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, म्हणून अनुदानाच्या लालचीने मोठं मशीन घेऊन बसू नका. अर्ज चालू आहेत का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. आणखी एक, सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय तो शिक्का लेबलवर छापता येत नाही.

काम वाटताना वाडीप्रमाणे वाटू नका

कामाची वाटणी आपोआप होऊ दिलीत तर ती जुन्याच रेषेवर होते. एका वाडीकडे गोळा करणं आणि फोडणं, दुसरीकडे भरणं, तिसरीकडे पैसे मोजणं. रातांबे फोडताना बोटं काळी पडतात, बोटांच्या चिरांना रस झोंबतो, मग सालं रसात बुडवून वाळवायची, परत बुडवायची परत वाळवायची, अशी पुटं देताना दिवसभर उन्हात राहावं लागतं. हे काम ज्यांच्या वाट्याला येतं त्यांनाच हिशेबाच्या वहीपासून लांब ठेवलं जातं. आम्ही पाळ्या लावल्या. प्रत्येक पाळीत निदान तीन वाड्यांच्या बायका, किलोमागे दर सगळ्यांना तोच, आणि आठवड्याने काम बदलायचं. पोलिओने पाय गेलेली एक ताई आहे, तिला उन्हात बसणं जमत नाही, ती वजन आणि पॅकिंग बघते आणि तिच्याइतका चोख काटा कोणाचा नाही.

एक गिऱ्हाईक आमच्याकडे आलं आणि विचारलं, "सोलं कोणत्या घरची आहेत?" प्रश्न साधा होता पण आम्हा सगळ्यांना कळला. आमच्या गटातली भाभी पटकन म्हणाली, "गावची आहेत." तेव्हापासून पाकिटावर फक्त गावाचं नाव आहे, आणि कोणी फार खोदून विचारलं तर त्याला माल द्यायचा नाही हे गटाच्या वहीत ठराव म्हणून लिहिलंय. दोन ऑर्डरी गेल्या त्यात, मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

ग्रामसभेत लेखी मागा

आपल्याकडे वर्षातून किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तिथे मागणी मांडा, ठराव इतिवृत्तात आलाय का बघा आणि नक्कल मागून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, रक्कम लहान असते पण शेडला रॅम्प, पाण्याची लाइन, वाळवणाचे ट्रे एवढं त्यात बसतं.

शेड कोणाच्याही खासगी जमिनीवर बांधू नका, जमीनमालक कितीही सज्जन असला तरी. कोकणात एकेका सातबारावर पंधरा-वीस नावं असतात, निम्मी मुंबईत, एक चुलता उठला तरी काम बंद. गावठाणात किंवा समाजमंदिराजवळ जागा मिळते का बघा. आमची शेड बौद्धवाडीच्या विहिरीजवळ आहे, पाणी तिथलंच वापरतो. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. त्या पाण्यासाठी एवढा मोठा लढा द्यावा लागला आणि आज आमच्या सगळ्या वाड्यांचा माल त्या विहिरीच्या पाण्याने धुतला जातो, हे मला दर मोसमात आठवतं.

हिशेब मोठ्याने वाचा

पहिल्या वर्षी वही एकीच्या घरी होती. पैसे एक रुपया इकडेतिकडे झाला नव्हता तरी कुजबुज सुरू झाली आणि ती बिचारी रडून वही परत द्यायला आली. आता दर शनिवारी आवक, विक्री, उधारी, शिल्लक फळ्यावर लिहून मोठ्याने वाचतो आणि फळ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. उधारी मुंबईच्या मंडळालाही द्यायची नाही, माणसं आपलीच असतात पण पैसे पुढच्या शिमग्याला येतात.

यंदाच्या मोसमासाठी सुरुवात करायची तर दिवाळी झाली की फिरायला लागा, म्हणजे कातकरी घरं कामाला बाहेर पडायच्या आत भेटतील. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांच्या सभेत ठराव आणा, शिमग्याला चाकरमानी आले की ऑर्डरी घ्या, एप्रिलअखेर रातांबे पिकायला लागतात. आणि पहिला फेरा धनगरवाडीचा करा. आम्हाला चढायला पाऊण तास लागतो, सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली बरोबर ठेवा.