जास्वंदीवरची पांढरी कीड जाऊनच नाही राहिली? या चुका टाळा

मागच्या वर्षी मार्चमध्ये आमच्या गच्चीवरच्या एका जास्वंदीला कापसासारखं पांढरं काहीतरी लागलेलं दिसलं, म्हटलं रविवारी बघू, आणि तो रविवार उजाडेपर्यंत महिना गेला. तोपर्यंत बाजूच्या दोन्ही जास्वंदी, सीताफळाचं रोप सगळीकडे तोच कापूस. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण.

मी औषधाच्या मागे लागलो होतो पण खरी गडबड वेगळीच होती, ही कीड एका कुंडीतून दुसरीत जाते कशी हेच मी पाहिलं नव्हतं. मिलीबगच्या मादीला पंख नसतात. बारीक पिल्लं रांगत जातात, वाऱ्याने उडतात, नाहीतर आपल्याच हाताने जातात. आणि मुंग्या! झाडावर मुंग्यांची रांग दिसली की आपण म्हणतो जाऊ द्या, मुंग्याच तर आहेत. पण मुंग्यांना मिलीबगचा आणि माव्याचा (कोवळ्या शेंड्यांवर गर्दी करणारे बारीक किडे) गोड चिकट रस पाहिजे असतो, म्हणून त्या त्यांची राखण करतात, त्यांना खाणारी लेडीबर्ड (ठिपकेवाला लाल भुंगा) आली तर हाकलतात. त्यामुळे पहिले मुंग्यांचा बंदोबस्त करा. कुंडी स्टँडवर ठेवून स्टँडच्या पायांना व्हॅसलीनचा जाड पट्टा द्या आणि फांद्या भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. काहीजण स्टँडखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, पण मग डेंग्यूचे डास आलेच म्हणून समजा.

कात्री तीच सगळीकडे फिरवणं, ही चूक तर मी वर्षानुवर्षं केली. आधी निरोगी झाडं छाटा, कीड लागलेलं शेवटी, नंतर कात्री स्पिरिटने पुसा. छाटलेलं कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका, पिशवीत गच्च बांधून कचरागाडीत द्या. नर्सरीतून आणलेलं नवीन रोपही पंधरा दिवस वेगळं ठेवा, पानं उलटून बघा.

आता नीम ऑइल. तेल सरळ पाण्यात टाकलं तर वर तरंगतं, मग शेवटच्या झाडावर नुसतं तेलच पडतं आणि पानं जळतात. १ लिटर पाण्याला ५ मिली तेल, पण ते आधी थोड्या लिक्विड सोपमध्ये घोटून घ्या मगच पाण्यात मिसळा, आणि एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. मारायचं सूर्य मावळल्यावर, पानांच्या खालून. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ४५ डिग्रीत दुपारी फवारणी करणाऱ्याला काय म्हणावं आता! एकदा मारून थांबायचंही नाही, कापसाच्या पुंजक्यातली अंडी वाचतात, म्हणून दर सात दिवसांनी निदान तीनदा. मोठे पुंजके जुन्या टूथब्रशने आधीच काढून टाका.

प्रत्येक गोष्टीला हेच औषध नाही बरं का. पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळी असेल तर तो लाल कोळी, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हमखास, त्याला दोन-तीन दिवसाआड पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा द्या. लिंबाच्या पानांवर काजळी चढली तर ती कोळशी, नागपूरजवळच्या काटोलकडच्या संत्रावाल्यांना विचारा. ती बुरशी किडीच्या चिकट रसावर वाढते, बुरशीनाशक मारून उपयोग नाही, पानामागची काळी माशी किंवा मावा घालवा. अन् झाड सुस्तावलं म्हणून युरिया टाकू नका, कोवळी लुसलुशीत पालवी माव्याला फार आवडते.

काळी-नारिंगी, मगरीसारखी दिसणारी छोटी अळी दिसली तर मारू नका, ते लेडीबर्डचं पिल्लू आहे, मावा खातं. मी तशा बऱ्याच मारल्या आहेत.

सगळं करूनही झाड मान टाकत असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा, तिथेही पांढरा मिलीबग असतो. आमच्या जास्वंदीच्या मुळाशी निघाला. झाड टाकलं, माती ओली करून प्लास्टिकखाली अख्खा मे महिना गच्चीवर तापवली, नागपूरचं ऊन असं पहिल्यांदाच कामी आलं. आता त्या मातीत पालक आहे.