विद्यापीठीय संशोधन संस्थेवरील लेखाचे शीर्षक कसे ठरवावे

एखाद्या जुन्या संशोधन संस्थेला बहुधा चार नावे असतात: स्थापनेच्या ठरावातले, फाटकावरच्या पाटीवरचे, वर्तमानपत्रांतले आणि तिथे शिकलेल्यांच्या तोंडचे. विश्वकोशातील लेखाला शीर्षक मात्र एकच देता येते. म्हणून नावांची यादी करण्याआधी संस्था नेमकी कोणाची आहे, हे तपासून घ्यावे. ती विद्यापीठाचा विभाग आहे, विद्यापीठाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था आहे, स्वतःच अभिमत विद्यापीठ आहे की केवळ विद्यापीठाच्या आवारात वसलेली आहे, याचे उत्तर संस्थेचे वार्षिक अहवाल, शासनाची राजपत्रे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिसूचना यांत मिळते. पत्त्यावरून ते कधीही ठरवू नये.

पुण्यात पत्त्यावर विसंबणारा हमखास फसतो. आयुका (इंटर-युनिव्हर्सिटी सेंटर फॉर ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स) ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था विद्यापीठाच्या आवारात आहे, पण ती विद्यापीठाची नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये देशभरातील विद्यापीठांच्या सामायिक उपयोगासाठी ती स्थापन केली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. त्याच आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. या दोहोंपैकी कोणत्याही लेखाच्या शीर्षकात ‘पुणे विद्यापीठ’ घातले, तर पहिली ओळ वाचण्याआधीच वाचकाच्या पदरी चुकीची माहिती पडते.

संस्था खरोखरच विद्यापीठाची असली, तरी गरज नसताना मातृसंस्थेचे नाव शीर्षकात घेऊ नये. पुणे विद्यापीठाचे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला. अशा प्रत्येक वेळी संलग्न लेखांची शीर्षके बदलत बसण्यात काही हशील नाही. शिवाय, संस्था विद्यापीठापासून वेगळीही होऊ शकते. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा जो विभाग सुरू केला, तो माटुंग्याला आणि रसायन उद्योगात ‘यूडीसीटी’ (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणून प्रसिद्ध झाला. पुढे विभागाची संस्था झाली, तिला स्वायत्तता मिळाली आणि २००८ मध्ये ती अभिमत विद्यापीठ बनून इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने वावरू लागली. जुने विद्यार्थी आजही स्वतःला ‘यूडीसीटी’चे म्हणवतात आणि त्यात वावगे काही नाही, पण विश्वकोशाने आजच्या स्वतंत्र लेखनात रूढ असलेले नाव घ्यावे व ‘यूडीसीटी’ला लेखाच्या पहिल्या परिच्छेदात जागा द्यावी.

स्वतंत्र लेखन म्हणजे संस्थेने न लिहिलेले लेखन. संस्थेचे पूर्ण अधिकृत नाव पहिल्या वाक्यात ठळक अक्षरांत देणे योग्यच, परंतु शीर्षकासाठी वृत्तपत्रे, संशोधनग्रंथ आणि नियतकालिके तिला सातत्याने काय म्हणतात, ते पाहावे. ‘डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था’ हे नाव कागदोपत्री बरोबर असले, तरी ‘डेक्कन कॉलेज’ एवढेच शीर्षक पुरते. या संस्थेची मुळे १८२१ मधील पुण्याच्या संस्कृत पाठशाळेत आहेत, १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. १९३४ मध्ये बंद पडलेले हे महाविद्यालय १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. प्रत्येक टप्प्यासाठी निराळा लेख करण्याचा मोह आवरावा. वारसा अखंड मानला जात असेल, तर लेख एक आणि जुनी नावे इतिहासाच्या विभागात.

संक्षेपाचा निर्णय सरसकट करता येत नाही. ‘आयुका’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की पूर्ण नाव सांगितल्यास अनेकांना संस्था ओळखूच येणार नाही; तिथे संक्षेपच शीर्षक व्हावा. माटुंग्याच्या संस्थेलाही लोक ‘आयसीटी’ म्हणतात, परंतु शाळाशाळांमधून माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानालाही ‘आयसीटी’च म्हटले जाते. त्यामुळे तिथे पूर्ण नाव घ्यावे आणि मागे स्वल्पविराम देऊन ‘मुंबई’ जोडावे, कारण हैदराबादला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी ही वेगळी संस्था आहे.

मराठी भाषांतराबाबत माझे मत थोडे कडक आहे. ‘टाटा मूलभूत संशोधन संस्था’ हे मराठी नाव छापील मजकुरात प्रचलित आहे, म्हणून ते निःशंकपणे वापरावे. जिथे असे प्रचलित नाव सापडत नाही, तिथे लेखकाने स्वतः नाव घडवू नये, ते कितीही शुद्ध वाटले तरी. केंब्रिज विद्यापीठातील १९७२ मध्ये आकाराला आलेली खगोलसंस्था घ्या. तिला ‘खगोलशास्त्र संस्था’ असे शीर्षक दिले, तर ते एखाद्या संस्थेचे विशेषनाम आहे, हेच कळणार नाही. ‘इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रॉनॉमी, केंब्रिज’ हे देवनागरी लिप्यंतर रुक्ष असेल, पण शोधणाऱ्याला सापडते. अर्थ सांगायचा असल्यास तो पहिल्या वाक्यात सांगावा.

कधीकधी शीर्षकाचा वाद मिटत नाही, याचे कारण लेखाचीच गरज नसते. विभागातील एखाद्या छोट्या केंद्राविषयी स्वतंत्र स्रोत नसतील, तर विद्यापीठाच्या लेखात त्यावर एक उपविभाग पुरे.

शीर्षक ठरल्यावर उरलेली नावे वाया घालवू नयेत. विकिपीडियासारख्या ठिकाणी त्या प्रत्येकाचे पुनर्निर्देशन करावे, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप याच लेखावर पोहोचेल: जुनी नावे, पूर्ण नाव, संक्षेप आणि लेखनभेदही. ‘इन्स्टिट्यूट’, ‘इंस्टिट्यूट’ आणि ‘इन्स्टिटयूट’ अशी तिन्ही रूपे लोक टंकतात, शोधयंत्रणा मात्र ती वेगळी मानू शकते. ज्या संक्षेपाचे अनेक अर्थ आहेत, त्याचे पुनर्निर्देशन न करता निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे सर्व अर्थांच्या लेखांची यादी देणारे पान, करावे. आधीपासून असलेल्या लेखाचे शीर्षक बदलायचे असल्यास मजकूर नव्या पानावर चिकटवू नये, कारण त्यामुळे संपादनांचा इतिहास मागे राहतो. इतिहासासह पान नव्या शीर्षकाखाली नेणारी स्थानांतरणाची सोय वापरावी आणि त्याआधी चर्चापानावर दोन-तीन स्वतंत्र स्रोतांसह प्रस्ताव मांडून इतरांना आक्षेप नोंदवण्यास काही दिवस द्यावेत.