बास फिशिंगची पहिली क्लब टूर्नामेंट: लायसन्सपासून वजनकाट्यापर्यंत

डॅलसच्या आसपास राहत असाल तर लेक लुइसव्हिल, रे रॉबर्ट्स किंवा थोडं लांब पूर्वेला लेक फोर्क, इथे शनिवारी उजाडायच्या आधीच बोट रॅम्पवर लागलेली ट्रकांची रांग तुम्ही पाहिली असेल. त्यातले बरेचसे लोक काही प्रोफेशनल नसतात, कोणी शाळेत शिकवतं, कोणी एसी रिपेअर करतं, कोणी आपल्यासारखंच आयटीत असतं, आणि सगळे आलेले असतात क्लबच्या बास टूर्नामेंटला, म्हणजे बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा पकडायच्या स्पर्धेला. आपल्या लोकांना वाटतं की यात पडायचं तर महागडी बोट पाहिजे आणि लहानपणापासून मासेमारीची सवय पाहिजे. दोन्हीची गरज नाही. बोटीशिवाय कसं शिरायचं आणि पहिल्याच वेळी रिकाम्या हाताने परत न येण्यासाठी काय करायचं ते इथे लिहितोय. उदाहरणं टेक्ससची आहेत कारण मला तिथलं पाणी माहितीये, बाकी राज्यांत नियम बदलतात, मासा तोच.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. टूर्नामेंटमध्ये साधारणपणे तुमचे सगळ्यात जड पाच मासे मोजतात, त्याला लिमिट म्हणतात. क्लब लेव्हलला अर्ध्याहून जास्त वेळा लोकांचे पाच भरतच नाहीत असं माझं निरीक्षण आहे, म्हणजे मापात बसणारे पाच साधे मासे जिवंत काट्यावर आणले तरी तुम्ही बऱ्यापैकी वर येता. पहिल्या वर्षी राक्षसी माशाच्या मागे लागू नका. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने २२ पाउंड ४ औंसाचा, म्हणजे दहा किलोच्या वरचा लार्जमाउथ जातीचा बास पकडला होता आणि त्या रेकॉर्डची बरोबरी व्हायला २००९ उजाडलं, तीही जपानच्या बिवा तलावात. तुमचं काम चौदा-पंधरा इंचाच्या पाच माशांचं आहे.

लायसन्स आणि माप

टेक्ससमध्ये १७ वर्षं आणि त्याहून मोठ्या माणसाला फिशिंग लायसन्स लागतं, ऑनलाइन पाच-दहा मिनिटांत मिळतं. सलग सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर रेसिडेंटच्या दरात मिळतं. नेहमीचं लायसन्स कधीही घेतलंत तरी ३१ ऑगस्टला संपतं, त्यामुळे जुलैत घेताना जरा विचार करा.

लार्जमाउथ बासचा राज्याचा सर्वसाधारण नियम: किमान १४ इंच, दिवसाला पाच. पण काही तलावांचे नियम वेगळे आहेत, लेक फोर्कला १६ इंच ते २४ इंचाच्या मधला मासा ठेवताच येत नाही आणि २४ च्या वरचा एकच ठेवता येतो. जिथे जाणार त्या तलावाचं पान आदल्या रात्री उघडून वाचा आणि वर टूर्नामेंटचे स्वतःचे नियमही वाचा. मोजताना मासा पट्टीवर आडवा ठेवायचा, तोंड बंद, शेपटीची दोन टोकं चिमटीत धरून जवळ आणायची. पट्टीवर काठावर असलेला मासा सोडून द्या, कारण काट्यापाशी तो छोटा निघाला तर वजन कापतात.

सामान

दोन रॉड पुरे. एक सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, त्यावर १० पाउंड ताकदीची ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि पुढे ८-१० पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे पाण्यात कमी दिसणाऱ्या लाइनचा शेवटचा तुकडा. दुसरा सात फुटी मीडियम-हेवी बेटकास्टर (रील रॉडच्या वर बसतं तो), त्यावर १५ पाउंड फ्लुरोकार्बन. बेटकास्टरला सुरुवातीला लाइनचा गुंता होणारच, स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली फिरकी, आमिषापेक्षा जोरात फिरतो म्हणून तो होतो, त्यासाठी ब्रेक वाढवून ठेवा आणि आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठ्याने स्पूल थांबवा. घराजवळच्या पार्कात हुक न लावता नुसतं वजन बांधून फेकायची प्रॅक्टिस करा. गाठ एकच शिका, पालोमर, आणि ओढायच्या आधी ती ओली करा, नाहीतर फ्लुरोकार्बन घर्षणाने कमजोर होतो.

मासा कुठे असतो

बास हा दबा धरून बसणारा शिकारी आहे, त्याला सावली आणि आडोसा लागतो. पाण्यात पडलेलं झाड, बोटीच्या धक्क्याखालचा अंधार, हायड्रिला गवताची कड, दगडी बंधारा, किनाऱ्याचं पाण्यात घुसलेलं टोक. मोकळ्या सपाट किनाऱ्यावर तासभर फेकत बसण्यापेक्षा अशा दहा जागांवर पाच-पाच मिनिटं दिलेली बरी. वारा ज्या काठावर आपटतोय तो काठ सोडू नका, तिकडे छोटे मासे ढकलले जातात आणि बास त्यांच्यामागे येतो.

पाण्याचं तापमान हा सगळ्यात मोठा इशारा. उत्तर टेक्ससमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी पन्नाशीच्या वरच्या फॅरनहाइटमध्ये आलं की मोठ्या माद्या खोल पाण्यातून उथळ खाड्यांकडे सरकायला लागतात, ६० ते ७० च्या दरम्यान अंडी घालतात. उन्हाळ्यात पहाटेचे दोन तास काठाला, मग खोल टोकांवर किंवा धक्क्यांच्या सावलीत. ऑक्टोबरच्या सुमारास शॅड नावाचे चंदेरी मासे खाड्यांमध्ये शिरतात, बास पण तिकडेच.

तीन आमिषं, आणि त्यातलं एक नीट

दुकानात गेलात तर भिंतभर रंगीत आमिषं दिसतील. घेऊ नका. क्लब टूर्नामेंटमध्ये बहुतेक ठिकाणी जिवंत आमिष चालत नाही, फक्त कृत्रिम. त्यामुळे कोकणात खाडीवर गरी टाकून कोळंबीच्या वासावर मासा यायची वाट बघत बसलेल्या माणसाला इथे सवय मोडावी लागते, इथे रबरी किड्यात जीव तुमच्या मनगटाने आणायचा असतो.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं टेक्सस रिग (रिग म्हणजे हुक, वजन आणि आमिष जोडायची रचना). गोळीच्या आकाराचं पाव औंसाचं टंगस्टन वजन घ्या, त्याचं निमुळतं टोक रॉडकडे राहील असं लाइनमध्ये ओवा. मग ३/० किंवा ४/० चा ऑफसेट हुक बांधा, म्हणजे डोळ्याजवळ (लाइन बांधायच्या छिद्राजवळ) जिन्यासारखा वाकलेला असतो तो. प्लास्टिकच्या वर्मच्या, म्हणजे त्या रबरी किड्याच्या, डोक्यात हुकाचं टोक साधारण पाव इंच घाला, बाजूने बाहेर काढा, वर्म डोळ्यापर्यंत वर सरकवा, हुक अर्धा फिरवा आणि आता वर्म सरळ लटकवून बघा की हुकाचा बाक कुठे येतोय, बरोबर तिथेच टोक आत घाला. वर्म अगदी सरळ बसला पाहिजे, सुरकुती पडली किंवा वाकडा राहिला तर पाण्यात गरगर फिरतो, लाइनला पीळ पडतो आणि मासा बघत पण नाही. टोक प्लास्टिकच्या आतच राहिल्यामुळे हे रिग गवतात, फांद्यांत कुठेही टाकता येतं, आणि बास तिथेच असतो, म्हणून मी नवीन माणसाला दुसरं काही आधी देतच नाही.

आता ते चालवायचं कसं. आडोशाच्या दोन फूट पलीकडे टाका आणि सैल लाइनवर तळाला जाऊ द्या, खाली जातानाच बरेचसे घास येतात त्यामुळे लाइनवर डोळे ठेवा. तळाला टेकलं की रॉडचं टोक घड्याळाच्या नऊवरून अकरावर आणा, परत खाली, मधली सैल लाइन गुंडाळा. रीलने ओढायचं नाही, रॉडने हलवायचं. घास कधी टक-टक असा लागतो, कधी नुसतं जड वाटतं, कधी लाइन आपोआप बाजूला चालू लागते. लगेच झटका देऊ नका. रॉड खाली करा, सैल लाइन गुंडाळा आणि मग जोरात वर, कारण हुकाला आधी प्लास्टिक फोडून मग तोंडात शिरायचंय. गढूळ पाण्यात काळा-निळा वर्म, स्वच्छ पाण्यात ग्रीन पंपकिन किंवा वॉटरमेलन, रंगाचा विचार एवढाच पुरे.

दुसरं वॅकी रिग. पाच इंचाचा जाड स्टिक वर्म, मधोमध रबरी रिंग, रिंगखाली छोटा हुक, वजन काही नाही. स्पिनिंग रॉडवर. धक्क्याच्या सावलीत टाका आणि काहीही करू नका, दोन्ही टोकं थरथरत हळूहळू बुडतं तेच त्याचं काम. मासे सुस्त असतील, ऊन असेल, पाणी शांत असेल, तेव्हा लिमिट भरायला याच्यासारखं काही नाही.

तिसरं, पटापट पाणी शोधायला काहीतरी: स्पिनरबेट (फिरत्या चमकत्या पात्यांचं आमिष) किंवा चौकोनी जिभेचा क्रँकबेट (ओढल्यावर थरथरत जाणारा नकली मासा). क्रँकबेट लाकडाला मुद्दाम आपटवायचा, आपटून वेडावाकडा उसळला की त्याच क्षणी बास झडप घालतो.

क्लबात शिरणं

मोठ्या स्पर्धांचा इतिहास फार जुना नाही. १९६७ च्या जूनमध्ये रे स्कॉट नावाच्या इन्शुरन्स विकणाऱ्या माणसाने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर १०६ लोक गोळा केले, तिथून हे सगळं सुरू झालं, आणि १९७२ पासून त्याने मासे जिवंत सोडायची पद्धत रुजवली. आज जवळपास प्रत्येक मोठ्या तलावाला एखादा क्लब असतो. क्लबमध्ये बोटवाला पुढे आणि नॉन-बोटर मागे अशी जोडी चिठ्ठीने लावतात. तुम्ही नॉन-बोटर म्हणून नाव द्या. फी भरायची, पेट्रोलचा वाटा न मागता द्यायचा, आणि दिवसभर एका जाणत्या माणसाच्या मागे उभं राहून शिकायचं. कोणत्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळतं.

मागच्या सीटचे काही रिवाज आहेत. वेळेच्या आधी पोचा. रॉड दोन-तीनच आणा. बोटवाल्याच्या पुढच्या बाजूला फेकू नका, तुमची हद्द बोटीच्या मध्यापासून मागे. त्याला मासा लागला तर आपली लाइन गुंडाळून जाळी हातात घ्या. आणि तो जे फेकतोय तेच फेकू नका, तो स्पिनरबेट घेऊन भराभर पुढे जात असेल तर तुम्ही त्याच जागांवर सावकाश वॅकी रिग टाका, त्याने सोडलेले मासे तुम्हाला मिळतात, हे खरंच होतं.

आधी प्रॅक्टिसला जाणार असाल (स्पर्धकांना तलाव कधीपासून बंद ते नियमात बघा) तर मासे पकडून संपवू नका. हुकाचं टोक झाका किंवा वाकवा, घास कुठे येतोय तेवढं बघा आणि पुढे जा. पहिला मासा कुठल्या खोलीवर, कुठल्या आडोशाला मिळाला ते लिहा, दुसरा तसाच मिळाला तर तलावावर तशाच जागा शोधत सुटा.

टूर्नामेंटचा दिवस

लाइफ जॅकेट अंगात, इंजिन चालू असताना बोटवाल्याच्या अंगाला किल स्विच (माणूस पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) जोडलेला, याबाबतीत लाजू नका, नसेल तर विचारा.

पहिले दोन तास भरवशाच्या जागेवर टेक्सस रिग. मापातला प्रत्येक मासा लाइव्हवेलमध्ये (बोटीतली मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकी), छोटा दिसला तरी. पाच झाल्यावर रंगीत टॅग लावून कुठला सगळ्यात हलका ते ओळखून ठेवा, सहावा मोठा मिळाला की लगेच हलका पाण्यात सोडायचा, तुमच्या नावावर पाचाच्या वर एक क्षणही ठेवायचे नाहीत. लिमिट झाल्यावर मग मोठ्याच्या मागे लागा, जिग (डोक्याला वजन असलेला हुक) किंवा रबरी बेडूक घेऊन दाट गवतात, आता हरायला काही नाही.

माशाची काळजी हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे आणि लोक इथेच आळस करतात. हात ओले करून धरा. मोठा मासा नुसत्या जबड्याला धरून आडवा लटकवू नका, जबडा निखळतो, दुसरा हात पोटाखाली द्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यामुळे उन्हाळ्यात एअरेटर (पाण्यात हवा सोडणारा पंप) सतत चालू ठेवा आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आळीपाळीने लाइव्हवेलमध्ये सोडून पाणी थोडं थंड ठेवा, एकदम बर्फगार नको. मेलेल्या माशामागे बहुतेक क्लब काही औंस कापतात, पण ते कारण दुय्यम आहे, तो मासा पुढच्या वर्षी परत कोणाच्या तरी हुकाला लागायला हवा.

परतायची वेळ पक्की लक्षात ठेवा. उशिरा आलात तर बऱ्याच ठिकाणी मिनिटाला एक पाउंड कापतात आणि पंधरा मिनिटांनंतर सगळंच बाद. वजनाच्या पिशवीत भरपूर पाणी घ्या आणि रांग पुढे सरकल्यावरच मासे लाइव्हवेलमधून काढा. आणि खोटेपणाचा विचारही नको, जिंकणाऱ्यांची लाय डिटेक्टर टेस्ट बऱ्याच स्पर्धांच्या नियमात असते, टेक्ससमध्ये टूर्नामेंटमधली फसवणूक हा गुन्हा आहे. २०२२ मध्ये ओहायोत लेक ईरीवर वॉलआय माशांच्या पोटातून शिशाची वजनं निघाली आणि ते दोघं जण थेट कोर्टात उभे राहिले.

बोट नको, जोडीदारही नको असेल तर

मग कयाक (एकट्याने वल्हवायची छोटी होडी) टूर्नामेंट. तिथे वजन नसतंच, प्रत्येक मासा मोजपट्टीवर ठेवून फोटो काढायचा, ॲपवर टाकायचा आणि जागच्या जागी सोडायचा, पाच माशांच्या इंचांची बेरीज होते. फोटो बाद होण्याची कारणं ठरलेली: तोंड उघडं, नाक पट्टीच्या भिंतीला टेकलेलं नाही, त्या दिवसाचा कोड दिसत नाही, शेपटीवर हात. पट्टीला दोरी बांधून ठेवा, ती पाण्यात पडते. मोजताना मासा आधी जाळीत पाण्यातच राहू द्या, फोन कॅमेऱ्यावर तयार करा, कोड लावा, मग उचला. एक साधी कयाक, एक पॅडल, लाइफ जॅकेट आणि वर सांगितलेल्या दोन रॉड एवढ्यावर पहिली स्पर्धा होते. निघताना कयाकमधलं पाणी रॅम्पवरच पूर्ण रिकामं करा आणि चिकटलेलं गवत काढा, झेब्रा शिंपले (झपाट्याने पसरणारे उपद्रवी शिंपले) एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून टेक्ससमध्ये तसा कायदाच आहे आणि दंड होतो.