उडत्या तबकड्यांच्या अमेरिकी फायली कशा मागवायच्या

परग्रहवासीयांबद्दल अमेरिकी सरकार काय दडवतंय, हे तपासायचं असेल तर मूळ कागद हातात हवेत. तिथल्या १९६६ च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली (फोया) परदेशी नागरिकही अर्ज करू शकतो.

आधी खुलं झालेलं चाळा. प्रोजेक्ट ब्लू बुक या हवाई दलाच्या उडत्या तबकड्यांच्या तपासात १२,६१८ नोंदी आहेत, त्यांतल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. या फायली तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात टी-१२०६ या मायक्रोफिल्मवर आहेत. तिथलाच रेकॉर्ड ग्रुप ६१५ हा खास यूएपी (अज्ञात हवाई वस्तू-घटनांचं हल्लीचं सरकारी नाव) कागदपत्रांचा नवा संग्रह आहे. एफबीआय आणि सीआयएच्या संकेतस्थळांवरही बरंच आहे. इथे असलेल्याच कागदासाठी अर्ज केलात, तर महिने वाया जातात.

अर्ज नेमका हवा. ‘परग्रहवासीयांविषयी सगळं द्या’ असं लिहिलं की तो मोघम म्हणून परत येतो. असं लिहा: ‘१ ते ३० नोव्हेंबर २००४, निमिट्झ विमानवाहू नौकेचा ताफा, अज्ञात हवाई वस्तूंबद्दलचे अहवाल आणि नोंदवह्या.’ शोधशब्द त्या काळाचे द्या: १९४७ साठी ‘फ्लाइंग डिस्क’, नंतर ‘यूएफओ’, हल्लीसाठी ‘यूएपी’. किती डॉलरपर्यंत शुल्क भराल तेही लिहा. व्यावसायिक हेतू नसेल तर दोन तासांचा शोध आणि १०० पानं मोफत मिळतात. अमेरिकी संसदेला हा कायदा लागू नाही, तिथे अर्ज पाठवू नका.

उत्तराची मुदत २० कामकाजी दिवसांची. प्रत्यक्षात रांग खूप लांब असते, म्हणून अर्जाचा क्रमांक जपून ठेवा.

कागद आले की मजकूर झाकणाऱ्या काळ्या पट्ट्यांशेजारचे आकडे बघा, ते झाकण्याचं कारण सांगतात. बी-१ म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा, बी-३ म्हणजे दुसऱ्या कायद्याने घातलेली बंदी, बी-६ म्हणजे व्यक्तीची खासगी माहिती. बी-१ दिसला की लोक थेट परग्रहावर पोहोचतात, पण पट्टीखाली बहुधा रडारचा पल्ला, कॅमेऱ्याची क्षमता किंवा जहाजाचं ठिकाण असतं. ‘आहे असंही सांगत नाही, नाही असंही’ या ग्लोमार उत्तरालाही कबुली समजू नका. उघड्या मजकुरात कोण कुणाचं ऐकून सांगतोय ते शोधा. एफबीआय अधिकारी गाय हॉटेल यांच्या २२ मार्च १९५० च्या मेमोत न्यू मेक्सिकोत तीन तबकड्या सापडल्याचं लिहिलंय, पण ती ऐकीव माहिती आहे, आणि पुढे पडताळणी केली नसल्याचं त्याच कागदात नमूद आहे.

नकार आला, किंवा ‘काही सापडलं नाही’ असं कळवलं, तरी अपील करा. मुदत किमान ९० दिवस असते. नुसती नाराजी कळवून काही होत नाही. कोणत्या कार्यालयात शोध घेतला नाही आणि कोणता भाग वेगळा काढून देता आला असता, ते मुद्द्यानिशी मांडा. गोपनीय कागदाची तारीख आणि शीर्षक ठाऊक असेल, तर ‘अनिवार्य गोपनीयता पुनरावलोकन’, म्हणजे तो अजून गोपनीय ठेवायला हवा का याची फेरतपासणी, मागता येतं. मात्र एकाच कागदासाठी फोयाचा आणि पुनरावलोकनाचा असे दोन्ही अर्ज एकाच वेळी चालत नाहीत.